छावणीच्या भोंग्यावर वाचलेलं नाव

तुम्ही आजवर आपलं पूर्ण नाव कुणापासून लपवलं आहे का? घाईनं "नाही" म्हणू नका. मीही बरीच वर्षं "नाही" म्हणत होतो आणि म्हणताना मान ताठ करत होतो. नाव लपवायची वेळ ज्याच्यावर येत नाही त्याचं बरं चाललेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ होतो. हे मला जनावरांच्या छावणीत समजलं, आणि तेव्हा माईक माझ्याच हातात होता.

या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी नकार देणार होतो. माझं काम साधं आहे. आमच्या भागातल्या एका सहकारी दूध संस्थेत मी मोबाईल आणि कॉम्प्युटरवरच्या नोंदी करतो. दुष्काळात याच संस्थेनं नांदूरघाटच्या बाजूला एका माळावर चारा छावणी चालवली, तेव्हा हजेरीच्या टेबलावर मी बसायचो. त्या टेबलाबद्दल मी कुठे बोललेलो नाही. शरम वाटते म्हणून बोललेलो नाही.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील प्रत्येक मोर्च्याचं पत्रक जपून ठेवायचे. शाळेत बाकीच्या पोरांच्या वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं असत, माझ्या वह्यांना मागण्यांची. अंबाजोगाईला कॉलेजात गेलो तेव्हा मीही एक पत्रक लिहिलं. 'माणूस म्हणजे नंबर नव्हे' हा मथळा. रेशन, बँक, दवाखाना, फोन, सगळं एका कार्डाला बांधाल तर उद्या एका जागी बसलेला माणूस कुणाचाही नळ बंद करू शकेल, असं त्यात होतं. एसटी स्टँडवर उभं राहून मी ते वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली आणि त्यावर शेंगा खाल्ल्या. त्यातली एकही ओळ मी आज मागे घेत नाही. माझी चूक त्या ओळींत नव्हती.

मग दुष्काळ आला आणि कार्डाविरुद्ध लिहिणारा मी कार्ड तपासायच्या कामाला लागलो. घरी बसून राहण्यापेक्षा ते बरं वाटलं. संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळा परिसर बप्पा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी मला टेबलापाशी गाठलं.

"तुजं ते पत्रक वाचलं बे. माणूस नंबर न्हाई म्हणतूस. मग हितं बिल्ले मोजायला कसा आलास?"

"जनावरांचे बिल्ले मोजतोय, बप्पा."

"आन् ही कार्डं? ही काय म्हशींची हायेत?"

आजूबाजूचे हसले. मी सरकार, पाळत, स्वातंत्र्य असं बरंच बोललो. बप्पांनी तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चोरी करायची न्हाई त्याला कार्डाचं भ्या कावून वाटावं? तुला काय लपवायचंय, ते सांग की."

"मला काही लपवायचं नाही."

"मग झालं तर. बस खुर्चीवर."

लपवायचं काही नाही, हे मी मोठ्या आवाजात सांगितलं आणि तिथंच वाद हरलो, हे कळायला मला एक बाई भेटावी लागली.

ज्यांनी छावणी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विहिरी आटतात, कडबा संपतो, तेव्हा सरकारची मंजुरी घेऊन एखादी संस्था माळावर छावणी उघडते. लोक जनावरं आणतात आणि जनावरांसोबत घरातलं एक माणूस येऊन राहतं. जुनी लुगडी, पोती, पाचट यांचे आडोसे उभे राहतात. दावणींच्या रांगांना गल्ल्या म्हणायला लागतात. गल्ल्यांत भांडणं होतात, सोयरिकीही जुळतात. सकाळी हजेरी, मग चारा. चारा म्हणजे बहुतेक ऊसच. रोज ऊस चघळून जनावरांची तोंडं सोलवटतात, पण दुसरं काही मिळत नाही. आमची माणसं ऊसतोडीला कोयता घेऊन ज्या मुलखात जातात तिथला ऊस ट्रकमध्ये बसून उलट आमच्याकडे येतो आणि आमच्याच गाईंपुढे पडतो.

हजेरी जनावराची असते. कानात पिवळा बिल्ला, त्यावर रेघा आणि आकडा. मोबाईल समोर धरला की टिंग वाजतं आणि गाय हजर होते. पण बिल्ला मिळण्याआधी, जनावरापाशी जे माणूस राहणार त्याचं आधार कार्ड लागतं. कार्ड नाही तर बिल्ला नाही, बिल्ला नाही तर चारा नाही.

ही व्यवस्था उगाच आली नव्हती, हेही सांगायला हवं. आधीच्या दुष्काळात कागदावर भरलेल्या आणि माळावर रिकाम्या छावण्यांच्या गोष्टी आमच्याकडे सगळ्यांना पाठ होत्या. एकच म्हैस सकाळी एका छावणीत रवंथ करायची आणि दुपारी दुसऱ्या छावणीत. याचा मला मनापासून संताप होता. म्हणून मी छावणीच्या कमिटीपुढे एक सूचना मांडली. सरकारनं वरून नजर ठेवण्यापेक्षा लोकांनी एकमेकांसमोर सगळं उघड करावं. हजेरीला प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, जनावरं, भोंग्यावर वाचावीत. खोटं असेल तर शेजारचाच बोलेल. बप्पा कुरकुरले, कारण त्यांच्या पाहुण्यारावळ्यांचीही जनावरं छावणीत होती. पण उघडपणाला उघड विरोध करणं अवघड असतं. सूचना मंजूर झाली आणि माईक माझ्याकडे आला.

भोंगा चालला, हे खरं. दत्तूअण्णा म्हणून एक म्हातारे होते. त्यांचं नाव वाचलं, "दोन गाई, एक बैल." लगेच मागच्या गल्लीतून आवाज आला, "बैल? त्यो तर आण्णानं धारूरच्या बाजारात इकला की." सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णांनी शांतपणे सदऱ्याच्या खिशातून पिवळा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला.

"बैल पाण्यावर गेलाय. हा त्याचा कान. घे हजेरी."

माळभर हशा पिकला. अण्णाही हसले. त्या दिवशी मी दिसेल त्याला सांगत सुटलो, की बघा, कार्डानं जे जमलं नाही ते लोकांच्या कानांनी केलं. मला तो माईक आवडायला लागला होता. नावं वाचताना मी आवाज चढवायचो, मध्ये थांबायचो, एखादी कोपरखळी मारायचो. लोकांना करमणूक नव्हतीच दुसरी.

आमच्याकडे निजामाच्या राजवटीपासून सरकारी नोंदीत पुरुषाच्या नावापुढे 'पि.' लिहितात, म्हणजे पिता, आणि लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे 'भ्र.' लिहितात, म्हणजे भ्रतार. मी तसंच वाचायचो. अमका पि. तमका. अमकी भ्र. तमका, राहणार अमुक. या पद्धतीत बाईचं नाव एकटं कधी येतच नाही, हे मला खटकायला हवं होतं. इतकी पत्रकं वाचून खटकलं नाही.

पाडव्याच्या थोडं आधी एक तरुण बाई एक गाय आणि एक कालवड घेऊन आली. तिला मी इथं मीरा म्हणतो. ते तिचं नाव नाही. जनावरं तिच्या भावाची होती. भाऊ-भावजय कोयता घेऊन कर्नाटकात गेलेले आणि सगळं आवरून यायला त्यांना वेळ होता. म्हणून जनावरांपाशी ही राहणार होती. रांगेत तिच्या मागे कौसाबाई होत्या. छावणीतल्या सगळ्यात जुन्या रहिवासी, सगळ्या गल्ल्यांच्या आत्याबाई.

मीरानं कार्ड दिलं. छपाई पुसट झाली होती. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

ती पदर पुढे ओढून गाईच्या कासऱ्याकडे बघत राहिली.

नवऱ्याचं नाव तोंडानं न घेणाऱ्या बायका आमच्याकडे अजूनही आहेत. टेबलावर रोज दोघी-चौघी भेटायच्या. कुणी शेजारणीला खूण करायची, कुणी लेकराला पुढे ढकलायची, कुणी लाजत लाजत नाव घ्यायची आणि रांग खुश व्हायची. मला वाटलं, ही त्यातलीच.

"आगं घे की नाव," कौसाबाई मागून म्हणाल्या. "लाजतीस कावून? आमी काय तुजे सासरे हाव व्हय?"

"नाव घेतल्याशिवाय चारा मिळायचा नाही बरं का," मी माईकवर म्हणालो. बायकांचा हशा झाला. एकदोघींनी "घे, घे" असा धोशा लावला.

मीरानं पहिल्यांदा वर बघितलं. माझ्याकडे नाही, माईककडे.

"कार्डावर हाय," ती हळू म्हणाली. "तुमी वाचा. मनात वाचा."

मनात वाचा. किती स्पष्ट सांगितलं होतं तिनं. मी कार्ड उजेडात धरलं, नाव लागलं, आणि मी माझ्या रोजच्या थाटात ते माळभर वाचलं. तिचं नाव, भ्र., त्याचं नाव, वडवणीकडचं त्याचं गाव. शेवटी "घेतलं बरं का आम्हीच नाव" असंही जोडलं. लोक हसले. ती हसली नाही. बिल्ले मारून झाल्यावर तिनं जनावरं नेऊन सगळ्यात मागच्या गल्लीत बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलापाशी आली. मी मोबाईल चार्जिंगला लावत होतो.

"दादा, ते मधलं नाव काढता येतंय का?"

"कार्डावरचं? ते तालुक्याला जाऊन करावं लागतं. कागद लागतात."

"कार्डावरचं न्हाई. भोंग्यावरचं."

मी तिला समजावलं. नियम सगळ्यांना सारखा. तुझं गाळलं तर उद्या दत्तूअण्णा म्हणतील बैल गाळा. लोकांपासून लपवाछपवी नको, याच्यासाठी तर हे चाललंय. मी चांगलाच बोललो असणार, कारण बोलताना मला माझं पत्रक आठवलं आणि पिशवीतून एक काढून मी तिला दिलं. तिला वाचता येत होतं. उभ्या उभ्या तिनं पहिला परिच्छेद वाचला.

"हे कुणी लिवलंय?"

"मी."

तिनं पत्रक परत टेबलावर ठेवलं, उडू नये म्हणून वर खडा ठेवला आणि गेली. का काढायचंय ते नाव, हे मी विचारलं नाही. ती सांगत होती तेव्हा ऐकलं नाही, आणि विचारायचं तेव्हा पत्रक काढलं.

भोंगा रोज सकाळी वाजत राहिला आणि मी रोज ते नाव वाचत राहिलो. उसाचे ट्रक येत, त्यावर हमाल असत, चहाला थांबत. त्यातल्या एका ट्रकवरचे हमाल वडवणीकडचे होते.

एके सकाळी मोटरसायकलवर दोघं आले. पुढचा तिशीचा, पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. आधी दत्तूअण्णांच्या पाया पडला, मग माझ्यापाशी आला.

"दादा, आमच्या घरची मानसं हितं हायेत म्हणून कळलं." त्यानं स्वतःचं आधार कार्ड टेबलावर ठेवलं. "लई दिवस झाले हुडकतोय. माहेरी दोनदा जाऊन आलो. भावासंगं तोडीला गेली म्हणून सांगितलं."

मी त्याचं कार्ड बघितलं, मीराची नोंद बघितली. आडनाव तेच, गाव तेच. सगळं जुळलं म्हणून मला एक क्षण समाधान वाटलं. व्यवस्था बरोबर चालली की वाटतं तसं. मग मी माईक उचलला आणि तिला तिच्या पूर्ण नावानं टेबलापाशी बोलावलं.

ती आली. त्याला बघून जागच्या जागी थांबली. पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही, आणि तिच्या कानामागून मानेपर्यंत गेलेला जुना व्रण मला पहिल्यांदा दिसला. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ तिथं लिहिलेला होता. कौसाबाईंनाही दिसला असावा. त्या येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"चल," तो म्हणाला. आवाज वाढवला नाही.

"मी येणार न्हाई."

"जनावरं सोड. चल."

"जनावरं भावाची हायेत."

"कार्डावर कुणाचं नाव हाय?" त्यानं माझ्याकडे बघून विचारलं. "दादा, सांगा की. कुणाचं नाव हाय?"

मी मोबाईलमधली नोंद पुन्हा उघडली. तोवर बप्पा आले होते. त्यांनी त्याचं कार्ड उचललं आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर तिची नोंद बघितली.

"पत्ता आपल्या हद्दीतला न्हाई," ते मला म्हणाले. "ही नोंद घेतलीच कशी?"

"रहायला ती इथंच आहे, बप्पा. गाय दावणीला आहे."

"कार्ड म्हणतंय तिकडं राहती. उद्या तपासणी आली तर मला इचारतील का तुला? काढ ती नोंद. नवरा-बायकोचं त्यांचं त्ये बघतील. आपुन कोण?"

सरकार एका बोटानं माणसाचा नळ बंद करेल, असं मी लिहिलं होतं. ते बोट माझं निघालं. मी नोंद काढली. गाय आणि कालवड मागच्या गल्लीत उभ्या होत्या आणि मोबाईलमध्ये त्या नव्हत्या.

"बिल्ला खोडलास," कौसाबाई म्हणाल्या. "आता गाय बी खोडून दाखव."

त्या वळल्या, गाईचा कासरा सोडून आणला आणि स्वतःच्या दावणीला बांधला. मग कालवड. एकेक करत गल्लीतल्या बायका येऊन दावणीपुढे उभ्या राहिल्या. ज्या "घे नाव, घे नाव" म्हणत होत्या त्याच. कुणी घोषणा दिली नाही. एकीनं मीराच्या हातात ताकाचा तांब्या दिला. नवरा पोलीस पाटलाला घेऊन येतो म्हणाला आणि मोटरसायकल चालू करून निघून गेला.

दुसऱ्या सकाळी मीरा छावणीत नव्हती. जनावरं कौसाबाईंच्या दावणीला होती. त्या जनावरांच्या नावावर चारा नव्हता, म्हणून कौसाबाई आपल्या म्हशींपुढचा ऊस काढून त्यांना टाकत होत्या. मी जवळ गेलो.

"आत्या, कुठं गेली ती? सुखरूप आहे ना?"

त्यांनी हातातली उसाची वाढी गाईपुढे टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला सांगू व्हय? तुज्यापाशी भोंगा हाय."

मला वडिलांनी कधी मारलं नाही, मास्तरांनी मारलं त्याचं काही वाटलं नाही. हे वाक्य मात्र अजून लागतं.

त्या दिवसापासून मी भोंग्यावर नावं वाचणं बंद केलं. फक्त बिल्ल्याचा आकडा आणि जनावर. कमिटीनं विचारलं नाही, बप्पांच्या लक्षातही आलं नाही. आणि खोटी जनावरं तशीच सापडत राहिली, कारण आकडा वाचला की लोक गाईकडे बघत, माणसाकडे बघायची गरजच नव्हती. हे इतकं सोपं होतं. पहिल्या दिवशीही तितकंच सोपं होतं. ते सुचलं नाही, कारण नावं वाचण्यात मला मजा येत होती.

नवरा नंतरही येऊन गेला. एकदा मला चहा पाजून ती कुठे आहे ते विचारत होता. मला माहीत नाही, असं मी सांगितलं आणि ते खरं होतं. पाडव्यानंतर भाऊ आला, जनावरं सोडून घेऊन गेला. माझ्याशी बोलला नाही. मीरा कुठे आहे ते मला आजही माहीत नाही. तिच्याकडे ते कार्ड आहे का, की ते टाकून देऊन ती कुठेतरी रेशनविना, दवाखान्याविना राहते, याचा विचार येतो. कार्ड दाखवलं तर सापडणार, नाही दाखवलं तर उपाशी राहणार. पत्रकात मी हे लिहिलं नव्हतं, कारण पत्रक लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे दिल्लीतलं सरकार होतं. माळावरचा भोंगा नव्हता आणि मीही नव्हतो.

मी नोकरी सोडली नाही. हेही सांगून टाकतो. अजून संस्थेतच आहे. आता दूध संकलन केंद्रावर टीव्हीसारखा पडदा लावायचं चाललंय. दूध घातलं की सभासदाचा फोटो, पूर्ण नाव आणि गाव मोठ्या अक्षरांत दिसणार, आणि तेच गावाच्या मोबाईल ग्रुपवर जाणार. पारदर्शक कारभार. प्रस्तावातला हा शब्द माझ्याच जुन्या सूचनेतून उचललेला आहे. बप्पा परवा म्हणाले, "तुज्याच मनासारखं हुतंय की बे." मी विरोध करणार आहे. एकटाच असेन असं दिसतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही गावात दूध संस्था असेल, सोसायटी असेल, पतसंस्था असेल. तिची वार्षिक सभा होते. विषय भराभर वाचतात, मागून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि लोक भज्यांकडे वळतात. यंदाच्या सभेला जा आणि भज्यांच्या आधी उठून उभे राहा. आमची नावं, अंगठे आणि फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये आहेत, ते कुणाकुणाला दिसतात आणि काम संपल्यावर कोण पुसणार, हे विचारा. मग ठराव मांडा, की कुठल्याही बाईला नवऱ्याचं नाव आणि सासरचा पत्ता चारचौघांत विचारला जाणार नाही, वाचला जाणार नाही, पडद्यावर लावला जाणार नाही. अनुमोदनासाठी शेजारच्या एखाद्या बाईला आधीच सांगून ठेवा. तुम्हाला काय लपवायचंय, असं कुणीतरी नक्की विचारेल. त्याला उत्तर देत बसू नका. ठराव लिहून घेतला जाईपर्यंत फक्त उभे राहा.